बर्फात गाडी थांबली पाहिजे: हिवाळी टायर निवडण्याची सविस्तर रीत

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीला कोरड्या डांबरावर करकचून ब्रेक लावला, तर ती साधारण १२ मीटरमध्ये थांबते. गाड्यांखाली दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ४० मीटरच्या आसपास लागतात, आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर जवळपास १०० मीटर. हा साधा हिशेब आहे: घर्षणाचा गुणांक डांबरावर ०.८, दाबलेल्या बर्फावर ०.२५ आणि गोठलेल्या थरावर ०.१ धरला की हे आकडे निघतात. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा एक सेकंद यात धरलेला नाही. त्या सेकंदातच आणखी १४ मीटर जातात.

या तिन्ही आकड्यांमध्ये ब्रेक तेच आहेत, गाडी तीच आहे, चालवणाराही तोच. बदलते ती फक्त टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. चार चाकांचा मिळून रस्त्याला टेकणारा भाग चार तळहातांएवढा असतो, आणि वळणं, थांबणं, चढ चढणं हे सगळं तेवढ्यावरच होतं. म्हणून बर्फाच्या प्रदेशात गाडी घेणाऱ्या ओळखीच्या माणसांना मी एकच आग्रह करते: गाडीतल्या सोयी थोड्या कमी घ्या, पण टायरच्या पैशांत काटकसर करू नका.

आधी आपला हिवाळा ओळखा

दुकानात गेल्यावर ‘चांगला हिवाळी टायर द्या’ एवढंच सांगितलं, तर जो टायर शिल्लक असेल तो गळ्यात पडण्याची शक्यता जास्त. कारण हिवाळी टायर ही एक वस्तू नाही. त्यात तीन-चार वेगळ्या जाती आहेत, आणि एका हिवाळ्यात उत्तम ठरणारा टायर दुसऱ्या हिवाळ्यात चक्क धोकादायक ठरू शकतो.

अडचण भाषेपासून सुरू होते. आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. टायरच्या दृष्टीने मात्र त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत: नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ, चाकांखाली दाबून टणक झालेला बर्फ, अर्धवट वितळलेला पाणी-बर्फाचा लगदा, आणि रस्त्यावर गोठलेला पारदर्शक थर, जो ओल्या डांबरासारखाच काळा दिसतो आणि म्हणून सगळ्यात फसवा असतो.

यातलं आपल्या वाट्याला काय येतं, हे कागदावर लिहून काढा. मी पुढचे प्रश्न विचारते.

सकाळी कामावर निघण्याच्या वेळी तापमान किती असतं? दिवसभराचं सरासरी तापमान इथे कामाचं नाही. दुपारी अधिक ३ आणि पहाटे उणे ४ अशी जागा असेल, तर दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, आणि रोज सकाळी नवा निसरडा थर तयार मिळतो. शून्याच्या जवळचा बर्फ सगळ्यात निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उणे २० ला तोच बर्फ कोरडा, खरखरीत होतो आणि पकड उलट सुधारते. कडाक्याची थंडी म्हणजे सर्वात वाईट रस्ता, असा समज असेल तर तो बाजूला ठेवा.

तुमचा रस्ता किती लवकर साफ होतो? मोठ्या रस्त्यांवर बर्फ ढकलणारी यंत्रं पहाटेच फिरतात, मीठ पडतं, आणि तुम्ही बहुतेक वेळ ओल्या डांबरावर चालवता. गावाकडच्या फाट्यावर किंवा डोंगरातल्या वस्तीवर दोन दिवस कोणी फिरकत नाही. शिवाय साधं मीठ उणे १० च्या खाली फारसं काम करत नाही. त्यामुळे खूप थंड प्रदेशात वाळू किंवा खडी टाकतात आणि खालचा बर्फ तसाच राहतो.

घराजवळ चढ आहे का? चढापेक्षा खरं तर उताराची काळजी घ्यावी लागते. आणि शेवटचा प्रश्न: बर्फ पडला तर घरी थांबण्याची मुभा आहे का? परिचारिका, दूध पोचवणारे, रात्रपाळी करणारे यांना ती नसते. ज्यांना असते त्यांचा निर्णय थोडा सोपा होतो.

रबर थंडीत काय करतं

उन्हाळी टायरचं रबर गरम रस्त्यावर टिकावं म्हणून घट्ट बनवलेलं असतं. थंडी वाढली की ते आणखी कडक होतं, रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरत नाही, आणि पकड जाते. तापमान ७ अंशांच्या खाली राहू लागलं की हिवाळी टायर चढवावेत, हा नियम यावरूनच आला. सातव्या अंशाला काही जादू होत नाही, बदल हळूहळू होतो, पण नियम म्हणून तो कामाचा आहे. त्यातली खरी शिकवण ही, की बर्फ पडायची वाट पाहायची नाही. पहिला बर्फ पडला की टायर बसवणाऱ्यांकडे आठवडाभर रांग असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त गाड्या घसरतात.

हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि मऊपणा टिकवणारे घटक जास्त असतात, त्यामुळे ते थंडीतही लवचिक राहतं. दुसरी गोष्ट नक्षीची. टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतील. त्यांना सायप म्हणतात. हे नाव जॉन सायप या अमेरिकन माणसावरून आलं, ज्याने १९२० च्या दशकात अशा चिरांचं पेटंट घेतलं. ब्रेक लागला की ठोकळा किंचित वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फात रुततात. गोठलेल्या थरावरचा पाण्याचा पापुद्राही या चिरा काही प्रमाणात शोषून घेतात.

खोल खाचांचं काम वेगळं. त्या बर्फ पकडून धरतात. मुठीत बर्फ दाबला की त्याचा गोळा होतो, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा जास्त घट्ट धरतो. खाचेत भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला तसाच चिकटतो, आणि चाक फिरताना गळून पडून खाच पुन्हा मोकळी होते. म्हणून हिवाळी टायरच्या खाचेत बर्फ भरलेला दिसला तर घाबरू नका, टायर आपलं काम करतो आहे. झिजलेल्या टायरमध्ये खाच उथळ होते आणि नेमकी हीच क्षमता आधी जाते.

चार जातींतून एक

मध्य युरोपीय धाटणीचा हिवाळी टायर. ओलं डांबर, पाणी-बर्फाचा लगदा, अधूनमधून बर्फ आणि मोठ्या रस्त्यावरचा वेग हे लक्षात घेऊन तो बनवतात. रबर मऊ असतं पण फार मऊ नाही. पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा मोठ्या असतात, आणि नक्षी बहुधा बाणाच्या टोकासारखी. तापमान शून्याच्या वर-खाली खेळत असेल आणि रस्ते लवकर साफ होत असतील, तर हा निवडा.

नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या देशांच्या धाटणीचा, खिळे नसलेला टायर. याचं रबर फार मऊ असतं, चिरा जास्त आणि दाट असतात. महिनोन् महिने दाबलेला बर्फ आणि गोठलेला थर यांवर तो पहिल्या जातीपेक्षा स्पष्टपणे सरस. पण अधिक ५ अंशांच्या पावसात, ओल्या डांबरावर त्याचं थांबण्याचं अंतर वाढतं, आणि वेगात वळण घेताना तो लिबलिबीत वाटतो. ‘सर्वात थंड प्रदेशातला टायर म्हणजे सर्वात सुरक्षित’ असं समजून सौम्य, पावसाळी हिवाळ्यासाठी तो घेणं ही नेहमी होणारी चूक आहे.

खिळ्यांचा टायर. नक्षीत टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बारीक खिळे बसवलेले असतात. शून्याजवळच्या ओल्या, चकचकीत थरावर त्यांना तोड नाही. फार थंडीत बर्फ इतका टणक होतो की खिळे कमी रुततात, आणि तिथे मऊ नॉर्डिक टायर त्यांच्या जवळ पोचतो. उघड्या डांबरावर खिळे आवाज करतात, पकड थोडी कमी होते आणि रस्ता खरवडला जातो. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. जपानमधल्या थंड शहरांत खिळ्यांनी उडवलेली रस्त्याची धूळ हा आरोग्याचा प्रश्न बनला आणि १९९० मध्ये तिथे त्याविरुद्ध कायदा झाला. बिनखिळ्यांच्या टायरचं आजचं तंत्र इतकं पुढे गेलं, त्यामागे ही गरज होती. जर्मनीतही खिळ्यांवर बंदी आहे. दुसरीकडे फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे इथे हिवाळ्याच्या ठरावीक महिन्यांत ते सर्रास वापरतात, पण स्टॉकहोममधल्या काही रस्त्यांवर त्यांना मनाई आहे. म्हणून खिळे घेण्याआधी आपल्या भागातला नियम पाहणं अपरिहार्य.

बारमाही टायर. वर्षातून पाच-सहा दिवस बर्फ, तोही दुपारपर्यंत वितळणारा, आणि उन्हाळाही फार कडक नाही, अशा ठिकाणी चांगला बारमाही टायर पुरतो. मात्र त्यावर पुढे सांगितलेलं हिमकणाचं चिन्ह हवंच. चिन्ह नसलेला बारमाही टायर बर्फापुरता उन्हाळी टायरच समजावा. सलग महिनाभर बर्फ राहणाऱ्या जागी बारमाही टायरवर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे बरा चालणारा टायर कठीण प्रसंगी दोन्हीकडे कमी पडतो.

खास हिवाळी टायरचा इतिहास फार जुना नाही. फिनलंडमधल्या कारखान्यात १९३४ मध्ये ट्रकसाठी ‘केलिरेंगास’ नावाचा टायर बनला, तो यातला पहिला मानला जातो. १९३६ मध्ये त्याच कारखान्यातून मोटारगाड्यांसाठी ‘हाकापेलिट्टा’ आला. ते नाव आजही नोकियन या फिनिश कंपनीच्या टायरांवर असतं. त्या काळी रस्ते साफच होत नसत, म्हणून खोल, आडव्या खाचा हाच मुख्य उपाय होता. रबराच्या रसायनावर भर बराच नंतर आला.

टायरच्या बाजूवर काय वाचायचं

जाहिरातीतलं नाव विसरा. ‘स्नो’, ‘विंटर’, ‘आर्क्टिक’ हे शब्द कुणीही छापू शकतं. टायर हातात घ्या आणि त्याची बाजू वाचा.

‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं दिसली, तर त्याचा अर्थ ‘चिखल आणि बर्फ’ असा होतो. पण हा शिक्का नक्षीच्या रचनेवरून निर्माताच मारतो. त्यासाठी बर्फावर टायर चालवून पाहण्याची अट नाही. कित्येक मोठ्या गाड्यांना कारखान्यातूनच असे टायर येतात आणि मालक समजतो की आपण हिवाळ्यासाठी तयार आहोत. माझ्याही पहिल्या गाडीला असेच टायर होते. पहिल्या बर्फात सिग्नलपाशी मी अगदी हळू वेगात ब्रेक दाबला, आणि गाडी थांबण्याऐवजी चौकाच्या मध्यापर्यंत शांतपणे सरकत गेली. समोरून कोणी आलं नाही, एवढंच. टायरच्या बाजूला ती दोन अक्षरं होती, त्यांच्या भरवशावर मी निर्धास्त होते.

खरं चिन्ह म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात काढलेला सहा पाकळ्यांचा हिमकण. उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये ते सुरू झालं आणि आता जगभर चालतं. ते मिळवण्यासाठी टायरची दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी होते आणि ठरावीक संदर्भ-टायरपेक्षा त्याची पकड निदान एका मर्यादेइतकी सरस ठरावी लागते. कायदेही याच चिन्हाकडे सरकत आहेत. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून फक्त हेच चिन्ह चालतं, नुसता ‘एम’-‘एस’चा शिक्का चालत नाही.

या चिन्हाची मर्यादाही ओळखा. ती चाचणी बर्फावरच्या पकडीची आहे, गोठलेल्या थरावरची नाही. त्यासाठी वेगळं चिन्ह आहे: बर्फाचा टोकदार सुळका. युरोपीय संघात मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर ही दोन्ही चिन्हं येऊ शकतात, आणि नॉर्डिक धाटणीचे टायर ओळखायला सुळक्याचं चिन्ह सगळ्यात सोपं. त्याच लेबलवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी असते. पावसाळी हिवाळा असेल तर ती नक्की बघा. नॉर्डिक टायरची ही श्रेणी खालची दिसेल. तो दोष नाही, तो वेगळ्या कामासाठी आहे.

माप: इथे थोडा हिशेब करा

बाजूवरचा आकडा समजा २०५/५५ आर १६ ९१ एच असा आहे. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के. १६ म्हणजे इंचांमध्ये रिमचा व्यास. ९१ हा भाराचा सांकेतांक, म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा.

हिवाळ्यासाठी शक्य असेल तर एक माप लहान रिम आणि उंच बाजूचा, थोडा अरुंद टायर घ्या. बर्फाच्या लगद्यावर रुंद टायर होडीसारखा तरंगतो. अरुंद टायर तो कापत खाली रस्त्यापर्यंत जातो. शिवाय बर्फाखाली खड्डा किंवा पदपथाची कड दिसत नाही, तेव्हा उंच बाजू धक्का झेलते आणि रिम वाचतो. लहान मापाचे टायर बहुधा स्वस्तही असतात.

चाकाचा एकूण व्यास मात्र बदलू देऊ नका. वरच्या टायरचा व्यास काढू: बाजूची उंची २०५ च्या ५५ टक्के, म्हणजे ११२.७५ मिलिमीटर. वर आणि खाली मिळून २२५.५. त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की ६३१.९ मिलिमीटर. आता १९५/६५ आर १५ घ्या: १२६.७५ दुणे २५३.५, अधिक ३८१, म्हणजे ६३४.५. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणूनच ही जोडी इतकी प्रचलित आहे. फरक मोठा झाला तर वेगदर्शक चुकीचा आकडा दाखवतो, आणि घसरण आवरणाऱ्या यंत्रणेचा हिशेब बिघडू शकतो.

पर्यायी मापांची यादी गाडीच्या पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या पट्टीवर असते. त्या यादीबाहेर जाऊ नका. लहान रिम ब्रेकच्या भागांवर घासतो की नाही, हे नुसत्या आकडेमोडीने कळत नाही. भाराचा सांकेतांक मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको. विजेवर चालणाऱ्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्यांच्या बाबतीत तर हे दोनदा तपासा. वेगाची मर्यादा मात्र हिवाळी टायरला थोडी कमी चालते. एच ऐवजी टी, म्हणजे १९०, घेतल्याने बर्फात काही बिघडत नाही. काही देशांत मात्र ही कमी वेगमर्यादा लिहिलेली पट्टी चालकाच्या नजरेसमोर लावावी लागते.

दोन नाही, चार

‘गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, मग पुढेच दोन हिवाळी टायर लावू’ हा विचार सुचणं स्वाभाविक आहे, आणि पैसे वाचताना दिसतात तेव्हा तो पटतोही. पण तो मनातून काढून टाका. पुढे पकड आणि मागे घसरण अशी गाडी सरळ रस्त्यावर छान धावते, चढ चढते, तुमचा विश्वास वाढवते. मग एका उतरत्या वळणावर तुम्ही हलकासा ब्रेक दाबता. वजन पुढे झुकतं, पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात, आणि गाडीचा मागचा भाग तुम्हाला ओलांडून पुढे येऊ बघतो. साध्या चालकाला त्यातून गाडी सावरता येत नाही. उलट केलं, म्हणजे फक्त मागे लावले, तर गाडी वळतच नाही, स्टिअरिंग फिरवूनही सरळ जाते.

खिळ्यांचंही तेच: लावायचे तर चारही चाकांना. चारही टायर एकाच जातीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत.

चारही चाकांना जोर देणारी गाडी असेल तर हिवाळी टायर लागत नाहीत, हा दुसरा घातक समज. अशी गाडी बर्फातून निघते लवकर. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीचे चारही चाकांना असतातच. थांबताना तिला काहीच जास्तीचं मिळत नाही, उलट वजन अधिक आणि आलेला वेगही अधिक. घसरण आवरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही असलेली पकड नीट वाटून देतात, नसलेली निर्माण करू शकत नाहीत.

चाचण्या कशा वाचाव्यात

जर्मनीचा एडीएसी हा मोटार क्लब हिवाळ्याच्या तोंडावर हिवाळी टायरांच्या चाचण्या जाहीर करतो. उत्तरेकडच्या देशांतल्या मोटार संघटना आणि मासिकंही असे निकाल देतात. ते जरूर पाहा, पण एकूण गुणांवर थांबू नका. एकूण गुणांत कोरडा रस्ता, इंधन, झीज आणि आवाज असं सगळं मिसळलेलं असतं. तुम्ही पहिल्या पायरीवर लिहिलेला कागद काढा आणि तुमच्या हिवाळ्याचा रकाना शोधा: बर्फावर थांबण्याचं अंतर, गोठलेल्या थरावर थांबण्याचं अंतर, ओल्या रस्त्यावर थांबण्याचं अंतर. ‘ओढण्याची ताकद’ हा रकाना त्यांच्यानंतर. एखादा टायर एका रकान्यात पहिला आणि दुसऱ्यात अगदी तळाला असेल, तर त्यापेक्षा सगळीकडे दुसरा-तिसरा असलेला टायर घरी आणावा, असं मला वाटतं. रस्ता एकाच प्रवासात तीनदा बदलतो. आणि चाचणी कोणत्या मापावर झाली तेही बघा. तोच टायर दुसऱ्या मापात थोडा वेगळा वागू शकतो.

वय आणि जुने टायर

प्रत्येक टायरवर लंबगोलात चार आकडे असतात. ३८२३ म्हणजे २०२३ चा अडतिसावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर मी दुसरा मागते. हिवाळी टायरचा जीव त्याच्या मऊपणात असतो आणि रबर वापराविनाही हळूहळू कडक होत जातं. सहा-सात हिवाळ्यांनंतर खाच शिल्लक असली तरी टायर बदलण्याचा विचार करावा.

वापरलेले टायर घेणार असाल तर खाच मोजा. नव्या हिवाळी टायरची खाच ८ ते ९ मिलिमीटर असते. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ आहे, पण बर्फात ती निरर्थक आहे. ४ मिलिमीटरच्या खाली बर्फातली पकड झपाट्याने घटते. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटरची अट कायद्यातच आहे, तर स्वीडन आणि फिनलंडमध्ये ३ ची. अंगठ्याच्या नखाने ठोकळा दाबून पाहा, चिरांच्या तळाशी भेगा आहेत का बघा, आणि चारही टायरांवरचे आठवड्याचे आकडे जुळतात का ते तपासा.

नियमांबद्दल थोडक्यात

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, मग बर्फ असो वा नसो. जर्मनीत तारीख नाही, रस्ता बर्फाळ असेल तर सक्ती. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्याच्या स्थितीप्रमाणे. फ्रान्समध्ये ठरावीक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च. सीमा ओलांडून जाणार असाल तर दोन्हीकडचे नियम पाहा. डोंगराळ घाटांत साखळ्या बाळगण्याची सक्तीही असू शकते. त्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांवर चढवायच्या, वेग ताशी ५० च्या आत ठेवायचा, आणि घरी कोरड्या अंगणात एकदा सराव करून ठेवायचा. अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदाच साखळी लावणं फार कठीण जातं.

बसवताना आणि बसवल्यावर

दर वर्षी एकाच रिमवर टायर काढ-घाल करण्यापेक्षा हिवाळी टायरना स्वतःचे रिम घ्या. खर्च एकदाच, टायरच्या कडांवर ताण नाही, आणि रस्त्यावरच्या मिठाने चांगले रिम खराब होत नाहीत. साधे लोखंडी रिम यासाठी उत्तम. दाब मोजणारे सेन्सर गाडीत असतील तर नव्या रिमवर ते लागतील का, हे आधीच विचारून घ्या.

टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पुढे फिरतो आहे ना, हे गाडी ताब्यात घेताना स्वतः बघा. उलटा बसलेला टायर बर्फात आणि पाण्यात आपलं काम नीट करत नाही. नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा ठरलेल्या ताकदीने आवळून घ्या. नवे टायर पहिले काही शे किलोमीटर सौम्यपणे चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर झिजायला वेळ लागतो, आणि खिळेही आपल्या जागी घट्ट बसायला हवे असतात.

हवेचा दाब हा दुर्लक्षित विषय. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ पीएसआय भरलेला टायर उणे १० मध्ये उभा राहिला की ३० च्या आसपास येतो. टायर पंक्चर नसतो, आतली हवा आकसलेली असते. म्हणून दाब बाहेरच्या थंडीत, गाडी चालवण्याआधी तपासा आणि पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत भरा. बर्फात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला कोणी दिला तर रोजच्या रस्त्यावर तो मानू नका. टायर कडांवर झिजतो, वळणावर डुलतो आणि खाचांचा आकार बिघडतो.

हिवाळा संपला की टायर उतरवा. ऊन तापल्यावर मऊ रबर भराभर झिजतं आणि गरम डांबरावर गाडी थांबायलाही जास्त अंतर घेते. उतरवताना प्रत्येकावर खडूने जागा लिहा: पुढे डावा, मागे उजवा. पुढच्या वर्षी पुढचे मागे करता येतील. बाणाची नक्षी असेल तर बाजू मात्र बदलायची नाही. धुऊन, वाळवून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा.

शेवटची पायरी पहिल्या बर्फाच्या दिवसाची. एखादं मोकळं, रिकामं पटांगण शोधा, जिथे खांब नाहीत आणि माणसं नाहीत. ताशी ३० च्या वेगाने जा आणि ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. पायाखाली थरथर जाणवेल, कर्कश आवाज येईल. ती चाक अडकू न देणारी यंत्रणा आहे. पाय उचलू नका, गाडी पूर्ण थांबेपर्यंत दाबून धरा. मग खाली उतरा आणि ब्रेक दाबल्याच्या जागेपासून पावलांनी अंतर मोजा. दाबलेल्या बर्फावर ते १४ मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण तीन गाड्यांच्या लांबीएवढं भरेल. आणखी दोनदा करा, एकदा वळत असताना. त्या दिवशी पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, ते या मापावरून ठरवा.